पुढचं चाक

गॅरेजवाला दवाखान्याच्या दारातून आत आला, तसा मुलगा त्याच्या अंगावर धावून गेला.

"माझी बायको गेली! तुझ्यामुळे गेली!" त्यानं गॅरेजवाल्याची कॉलर धरली. "चार नट आवळता येत नाहीत, तर दुकान कशाला मांडलंस?"

गॅरेजवाला हात जोडून उभा राहिला. उतारावर गाडीचं पुढचं चाक निखळलं, गाडी कठड्यावर आदळली, एवढंच त्याच्या कानावर आलं होतं. ऐकलं तसा कळकट कपड्यांतच धावत आला बिचारा. शहाणा असता तर आलाच नसता.

बाबा बाकड्यावर बसून होते. गाडी घेतल्यापासून तिला त्यांनी परक्याचा हात लागू दिला नव्हता. ऑइल बदलायचं असो की ब्रेक, जुनी सतरंजी अंथरून स्वतःच गाडीखाली शिरायचे. गॅरेजचं नाव काढलं की त्यांचं डोकं फिरायचं. "एक दुरुस्त करतील आणि दोन बिघडवून ठेवतील, मेले!" पण त्यांचे गुडघे वाकेनात, हात थरथरायला लागले. शेवटी परवा मुलानं त्यांना न विचारताच गाडी गॅरेजला नेली आणि चाकं काढून ब्रेक नवे घालून आणले. बाबांनी अबोला धरला. "आता आराम करा की, बाबा," सूनबाई परोपरीनं समजावत होती. ऐकतील ते बाबा कसले!

गॅरेजवाल्याला सोडून मुलगा बाबांपुढे मटकन खाली बसला. त्यांच्या मांडीवर डोकं टेकून हमसाहमशी रडू लागला.

"तुम्ही सांगत होतात, बाबा. तुमचं ऐकलं असतं तर ती आज असती. मीच मारलं तिला."

बाबांचा हात त्याच्या डोक्यापर्यंत गेला आणि तसाच मागे आला.

"बघा, अजून एका शब्दानं बोलले नाहीत पोराला," शेजारीण डोळे पुसत म्हणाली. "देवमाणूस हो!"

गॅरेजवाला भीत भीत पुढे सरकला. "काका, तुम्हाला यातलं सगळं कळतं. चाक जमिनीला टेकल्यावर एकेक नट मी पुन्हा आवळलाय. पोराबाळांची शपथ! मग सैल कसे झाले हो?"

"सांगा त्याला, बाबा!" मुलगा ओरडला. "पोलिसांसमोरही सांगा. याला जन्मभर खडी फोडायला लावतो मी."

सगळे त्यांच्याकडे बघत होते.

"त्यानं घट्टच आवळले होते," ते म्हणाले. "सकाळी तपासायला खोलले तेव्हा घाम फुटला मला. परत चढवले, नुसते हातानं फिरवले, जॅक काढला. पाना उचलणार, तेवढ्यात तिनं चहाला हाक मारली."