प्रागमधला कद्दीश

लेक दारात तिकिटं दाखवत होती. मी प्रागच्या त्या जुन्या सिनेगॉगमध्ये शिरलो आणि जीव भांड्यात पडला. आत टोपी घातलेले बरेच पुरुष होते.

मलकाला जाऊन आज वर्ष झालं. बायकोच्या नावानं कद्दीशची प्रार्थना म्हणायला दहा यहुदी पुरुष लागतात. आमच्या रेवदंड्यात आता तेवढे उरले नाहीत, बहुतेक इस्राएलला गेले. लेकीबरोबर इकडे फिरायला आलो होतो, म्हणून हट्टानं तिला इथं आणलं होतं.

मी सुरुवात केली. पहिल्या ओळीनंतर बाकीच्यांच्या आमेनसाठी थांबलो. कुणीच बोललं नाही. एकानं माझा फोटो काढला.

"बाबा, हे टुरिस्ट आहेत," लेक जवळ येऊन कुजबुजली. "टोप्या दारात वाटतात. आता हे म्युझियम आहे."

"सगळेच टुरिस्ट?"

"सगळेच. तुमची टोपी तेवढी घरची."

ती मलकानं विणलेली. गावी बायकांच्या सज्ज्यातून तिचा आमेन सगळ्यांच्या आधी खाली यायचा. पुरुष हसायचे.

दहा जण नसले तर कद्दीश म्हणत नाहीत. तरी मी पुढची ओळ म्हटली, आणि रिकाम्या सज्ज्याकडे बघत जरा जास्तच थांबलो.