जांभळ्या झालरीचे कंद

लेम्पीने फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यातून शेवाळाची पिशवी काढली आणि कुजक्या बटाट्याचा वास आला. खिडकीशी चाकाच्या खुर्चीत बसलेल्या नवऱ्यालाही तो आला असावा. आर्विदने मान वळवली.

"पोरं?" त्याने विचारलं. अर्धांगवायूनंतर त्याच्याजवळ शब्द थोडेच उरले होते. हिवाळाभर तो कंदांबद्दल हेच विचारायचा आणि ती म्हणायची, "झोपलीत."

आज तिने पिशवी उघडून त्याच्यासमोर धरली. शेवाळातले सगळे कंद काळे पडले होते, बोट लावलं की पाणी सुटत होतं. रस्त्यासाठी दलदल बुजवली, तेव्हा बुलडोझरच्या पुढे धावत जाऊन आर्विदने ही ऑर्किडं काढून आणली होती. जांभळ्या झालरीचं ते फूल आता त्या भागात फक्त त्याच्या टबात उरलं होतं. पानगळीत तो इस्पितळात पडला आणि कंद काढून ठेवायचं काम लेम्पीवर आलं. जन्मभर डेलिया लावलेली बाई, तिला कंदांचं कोण काय शिकवणार!

"मी नीट केलं होतं रे," ती म्हणाली. "देठाला धरून होते तेवढेच ठेवले. डेलियाचे ठेवते तसेच."

"जुने ते. मरतातच. शेजारचे... पांढरे?"

होते. प्रत्येक देठाशेजारी एकेक, कोवळा, हात लावताच सुटणारा.

"मला वाटलं, देठ नाही म्हणजे वांझ. खताच्या ढिगावर टाकले. हरणांनी खाल्ले."

त्याने शिवी हासडली असती तर तिला बरं वाटलं असतं. तो नुसता बाहेरच्या टबाकडे बघत राहिला. तिला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"लाव," तो म्हणाला.

"आर्विद, ह्यांच्यात काही उरलं नाही."

"माहितीय. लाव."

ती बाहेर गेली. टबापाशी गुडघे टेकून तिने ते काळे गोळे एकेक करून मातीत ठेवले, वर शेवाळ दाबलं. मग झारी घेऊन नळाखाली धरली.

मागे काच वाजली. आर्विद चांगल्या हाताने खिडकी बडवत होता. नळाचं पाणी ह्या झाडांना सोसत नाही. त्याचं बोट पावसाच्या पिंपाकडे होतं.

तिने झारी ओतून टाकली आणि पिंपाकडे गेली.