तेवढी एक ओळ

घरपट्टीचं बिल घेऊन शिंपीकाका नगरपालिकेच्या खिडकीशी आले, की कारकूनबाई दरवर्षी हातातलं पेन खाली ठेवायच्या. बिलातल्या अग्निशमन कराच्या ओळीवर बोट ठेवून ते हुज्जत घालायचे, "बाई, उभ्या जन्मात आमच्याकडे आग लागली नाही. मग हे पैसे कशाचे?" मागची रांग खोळंबायची, पण काका हटायचे नाहीत.

यंदा मात्र बाईंनी त्यांची फाईल आधीच काढून ठेवली होती. "काका, बसा आधी. घर जळून राहण्याजोगं उरलं नाही, म्हणून तुमची वर्षाची घरपट्टी माफ झालीये. एक पैसाही भरायचा नाही."

काकांनी बिल उलगडलं आणि बोट नेमकं त्याच ओळीवर ठेवलं. बाईंनी मनातल्या मनात कपाळावर हात मारला.

"एवढी एकच भरून घ्या."

"अहो, तीही माफच आहे! आणि एकेक ओळ अशी सुटी भरता येत नाही."

"बघा ना काहीतरी करून," काकांचं बोट हलेना. "आमच्या आईला खांद्यावर घालून जो शिडीवरून उतरला, तो माणूस या ओळीतला आहे."