पाठीवरचा भाऊ

बाळ पोटातच गेलं. दवाखान्यातून मी रिकाम्या हातांनी घरी आले. त्याच्यासाठी शिवलेलं दुपटं पिशवीत तसंच घडीत होतं.

इतके महिने वन्सं माझ्या पाच वर्षांच्या जुईच्या पाठीवरून हात फिरवून म्हणायच्या, "हिच्या पाठीवर भाऊच येणार बघ." आज तिच्याकडे न बघता माझ्यापुढे चहा ठेवत त्या म्हणाल्या, "पोरीची पाठच वाईट."

त्यांना चांगलं सुनावायला मी तोंड उघडलं, तोच जुई येऊन मला बिलगली.

"आई, मी रोज पालथी झोपायचे. तो पाठीवर येणार होता ना! पण परवा झोपेत उताणी झाले." तिने पिशवीतल्या दुपट्याचा कोपरा मुठीत धरला. "माझ्याखाली चेंगरला का गं तो?"