वायफायचा पासवर्ड

अकराला मेलिसाचा ऑनलाइन इंटरव्ह्यू होता आणि पावणेअकरा वाजले तरी तिचा नवा लॅपटॉप घरच्या वायफायला जोडला जात नव्हता. तिने राउटर तीनदा बंद-चालू केला, पासवर्ड पुन्हापुन्हा टाकला, लॅपटॉप रिस्टार्ट केला. वटार गावातल्या त्या घरात मोबाइलची रेंजही मिळत नव्हती.

"राउटर बरोबर आहे," जोसेफ पाचव्यांदा म्हणाला. "माझ्या फोनवर व्हिडिओ चालतोय बघ. तुझ्या लॅपटॉपमध्येच खोट आहे."

वैतागून तिने वडिलांच्या हातातला फोन ओढून घेतला, सेटिंग उघडलं आणि वायफायचं नाव वाचलं.

"डॅडी, आपला राउटरच बिघडलाय. तुमचा फोन रॉबर्टकाकांच्या वायफायवर चालतोय."

रॉबर्ट हा जोसेफचा धाकटा भाऊ, शेजारच्याच घरात राहणारा. वाडीच्या वाटणीवरून भांडण झालं तेव्हापासून चार वर्षं दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. जोसेफने घड्याळाकडे पाहिलं. दहा मिनिटं उरली होती. तो मागच्या दाराने बाहेर पडला, कुंपणापाशी थांबला आणि घसा खाकरला.

"रॉबर्ट, पोरीचा इंटरव्ह्यू आहे. तुझ्या वायफायचा पासवर्ड काय?"

पलीकडे केळींना पाणी घालणाऱ्या रॉबर्टने मान वर केली नाही.

"भांडणाआधीचाच आहे," तो म्हणाला. "बदलला असता तर तुझ्या फोनचं वायफाय तुटलं असतं ना."