दगडावरचं वय

ग्लेनिसने फोटो उघडला, वाचला आणि घाईघाईने लहान केला. पण शेजारी बसलेल्या नोएलाने वाचायचं ते वाचून घेतलं होतं.

ऑस्ट्रेलियातल्या कोरॉइट गावी वाचनालयामागच्या खोलीत दर मंगळवारी पूर्वज शोधणारे जमतात. जमतात म्हणायचं आपलं. आता या दोघीच उरल्या आहेत. नोएला हॅलिनन एक्याऐंशी वर्षांची, आणि ग्लेनिस तिच्याहून बरीच लहान, म्हणून कॉम्प्युटर तिच्याकडे. फोटो आयर्लंडहून आला होता. तिथल्या कुणा भल्या माणसाने क्लेअरमधल्या दफनभूमीत जाऊन हॅलिननांचा दगड शोधून काढला होता. दगडावर पाच नावं. चौथं नाव कॉर्नेलियस, पुढे १८५९.

कॉर्नेलियस म्हणजे नोएलाचा पणजोबा. तो १८५९ साली बोटीने इथे आला, १८६६ साली इथल्याच चर्चमध्ये त्याचं लग्न झालं, आणि त्याच्या थडग्यावर नोएला दर ईस्टरला फुलं ठेवते. क्लेअरमध्ये मेलेला माणूस सात वर्षांनी कोरॉइटमध्ये बोहल्यावर चढत नाही. म्हणजे हा कुणी दुसराच, आणि नोएलाने तीस वर्षं परक्याच घराची वंशावळ वाढवली होती. सोळाशे माणसं होती तिच्यात.

"चालायचंच," नोएला म्हणाली, पण आवाज चालला नाही.

तिच्या पर्समध्ये हॉस्पिटलचा फॉर्म होता. गुरुवारी खुब्याचं ऑपरेशन. सगळा फॉर्म भरून झाला होता, 'जवळचे नातेवाईक' ही एक ओळ सोडून. माझं नाव घाल की, असं ग्लेनिस दोनदा म्हणाली होती. नोएला म्हणाली, तू शेजारीण आहेस, बाई. सोळाशे नातेवाईक असलेल्या बाईने शेजारणीचं नाव घालायचं, याची तिला लाज वाटत होती. त्यातला एकही जिवंत नव्हता, ही गोष्ट वेगळी.

फोटोवाल्याने एक फोन नंबरही दिला होता. मर्टी हॅलिनन, दगडाभोवतीचं गवत कापणारा. त्या गावात या नावाचा तेवढाच राहिला आहे म्हणे.

"आता कशाला लावायचा?" नोएला म्हणाली. "तो माझा कुणी लागतच नाही."

"लाव गं. खातो की काय तुला?"

इथे संध्याकाळचे पाच, म्हणजे तिथे सकाळचे आठ. मर्टी नुकताच गाई सोडून आला होता. नोएलाने फोन स्पीकरवर ठेवून आधी माफी मागितली, मग सगळं सांगितलं. चुकून तुमच्या घराण्यात शिरले, तुमचा कॉर्नेलियस तर तिथेच वारला, असंही सांगितलं. पलीकडे बराच वेळ चहा ढवळल्याचा आवाज येत राहिला.

"फोटो समोर आहे का तुमच्या?" त्याने विचारलं. "बाकीच्या नावांपुढे काय लिहिलंय बघा. आणि त्याच्या नावापुढे काय नाही ते."

ग्लेनिसने फोटो मोठा केला. नोएलाने चष्मा वर सरकवून पाहिलं. बाकी चौघांच्या नावांपुढे वय होतं. एकसष्ट, चौतीस, सत्तर, दोन. कॉर्नेलियसपुढे नुसतंच साल.

"ज्याला पुरलं त्याचं वय लिहितात," मर्टी म्हणाला. "बोटीवर चढवला त्याचं काय लिहिणार?"

मग त्याने आजीकडून ऐकलेलं सांगितलं. जायच्या आदल्या रात्री सगळं गाव मयताला बसावं तसं घरी बसलं होतं. गेलेला परत येत नसे, म्हणून आईने त्याच्या नावाने जिवंतपणीच रडून घेतलं. त्याने ऑस्ट्रेलियातून पहिले पैसे पाठवले, त्यांतून तिने हा दगड केला आणि त्याचं नाव घातलं. १८५९ हे तो निघाल्याचं साल होतं.

ग्लेनिस नाक पुसायला उठून खिडकीपाशी गेली. नोएलाला इतका वेळ जे विचारायचं होतं ते अगदी ओठांवर आलं होतं, पण मर्टीच आधी बोलला.

"म्हणजे तू आमचीच की, पोरी."

तो तिच्याहून दोन वर्षांनी लहान होता, पण हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. नोएलाला कुणी 'पोरी' म्हटल्याला पन्नास वर्षं झाली होती.

"मग एक काम करशील?" तो म्हणाला. "माझ्यामागे इथे कुणी नाही. दगडावर तळाला एका ओळीची जागा आहे. मी गेलो की तुला कळवायला फादरना सांगून ठेवतो. माझं नाव तेवढं कोरून घे. वयासकट."

नोएलाने पर्समधून फॉर्म काढला, टेबलावर सपाट केला आणि पेनचं टोपण उघडलं.

"पूर्ण नाव सांग," ती म्हणाली. "सावकाश सांग, मी लिहून घेतेय."