बसमावशीची गाडी

"फिल्टर माझा हात पोहोचेल तिथं पाहिजे," बसमावशी म्हणाली. "डिझेलमध्ये पाणी उतरलं की भर रस्त्यात काढावं लागतं. गाडीखाली लोळायचं वय राहिलं नाही आता माझं."

मिस्त्री हसला आणि त्यानं कागदावर खूण केली. गाडीच्या सांगाड्यावर घर बांधून देणं हा त्याचा धंदा. शेडमध्ये नवी कोरी डिझेल गाडी उभी होती. पुढे केबिन, मागे नुसत्या दोन लोखंडी पट्ट्या. त्यांच्यावर फळ्या टाकून त्यानं खडूनं आखणी केली होती. इथं ओटा, इथं न्हाणीघर, इथं पलंग. बसमावशी त्या रेघांच्या आत फिरून बघत होती. ओट्याशी उभी राहिली, वळली, दोन्ही हात पसरले. कोपर कुठं लागणार नाही याची खात्री करून घेतली.

सत्तावीस वर्षं तिनं शाळेची बस चालवली होती. बसमावशी हे नाव पोरांनीच ठेवलेलं. रोज तेच बावीस थांबे, तीच वळणं. निवृत्त झाली त्या दिवशी घरी येऊन म्हणाली होती, आता कुणी हात केला तरी थांबणार नाही. वर्षातले दोन महिने भटकायचं, दहा महिने घरी. निवृत्तीच्या आलेल्या सगळ्या पैशांतून तिनं ही गाडी बुक केली होती, स्वतःच्या नावावर.

नवरा खाली स्टुलावर बसला होता. त्याची अख्खी हयात वाचनालयाच्या टेबलामागे गेली. चाक कधी हातात धरलं नाही.

"अहो, पडदे कोणते घेऊ? निळे की हे मातकट?"

"तू म्हणशील ते."

तिला जरा नवलच वाटलं. हा माणूस पायपुसणं घेताना दुकानदाराला घाम फोडायचा. पण आज त्यानं कशालाच नाही म्हटलं नव्हतं. छतावर सौर पट्ट्या, हो. मागे कॅमेरा, हो. बाहेर उघडणारी कनात, हो, हो.

"हीटर डिझेलवरचाच टाकतो," मिस्त्री म्हणाला. "त्याच टाकीतून तेल घेईल. भिंतींना जाड अस्तर देतो. कपाट एक वाढवलंय. आणि कपडे धुवायचं यंत्र ओट्याखाली."

"यंत्र कशाला? दोन महिन्यांत दोघांचे असे कितीसे कपडे होणार?"

"दोन महिने?" मिस्त्रीनं कागद उलटला. "काकू, तुमच्या चिरंजिवांनी फोनवर सांगितलं, बाराही महिने राहायचंय. कायमचा निवास, असंच लिहिलंय बघा. थंडीपावसाचा विचार करून बांधा म्हणाले, आईबाबांना त्रास नको."

"त्याचा काहीतरी घोटाळा झाला असेल," ती म्हणाली. "आम्हाला घर आहे."

मिस्त्रीनं स्टुलाकडे पाहिलं. तिनंही पाहिलं.

नवरा पडद्यांच्या नमुन्यांची चळत नीट लावत बसला होता. सगळ्या कडा जुळल्या तरी लावतच होता.

"अहो."

"मी सांगणारच होतो तुला."

"काय सांगणार होतात?"

"त्याला जागा पुरत नाही गं. दोन मुलं, त्यात त्याच्या सासूबाई यायच्यात राहायला. घर तर माझ्याच नावावर होतं. तो म्हणाला, आईला योग्य वेळी मी सांगतो."

"होतं?"

त्यानं चळतीतला वरचा नमुना पुन्हा सरळ केला.

"सही कधी केलीत?"

"मागच्या महिन्यात." मग एकदम धीर आल्यासारखा म्हणाला, "आणि तुला फिरायचंच होतं ना? तूच तर म्हणायचीस, चार भिंतींचा कंटाळा आलाय."

मागच्या महिन्यात. तेव्हा ती स्वयंपाकघराला रंग देत होती, स्वतः शिडीवर चढून. हा खाली शिडी धरून उभा होता. वरचा कोपरा राहिलाय म्हणून दाखवत होता.

शेडच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी पत्रा कापायला घेतला. तो आवाज थांबला. मिस्त्री अवघडून म्हणाला, "काकू, हवं तर आज राहू द्या. पुन्हा या निवांत."

"नको. आजच करू." ती फळ्यांवरून खाली उतरली. गुडघा दुखला, तेव्हा नवऱ्यानं उठून हात पुढे केला. तिनं केबिनच्या दाराचा दांडा धरला. "कपडे धुवायचं यंत्र असू द्या. जाड अस्तरही द्या. तो म्हणाला ते बरोबर आहे, बाराही महिने लागणार."

नवऱ्यानं सुटकेचा निःश्वास सोडला. "बघ, मी म्हणत नव्हतो—"

"आता ही शेजारची सीट," ती मिस्त्रीला म्हणाली. "ही काढून टाका. तिथं पाण्याचे कॅन बसतील असा कप्पा करा."

मिस्त्रीची पेन्सिल हवेतच राहिली. "मग काका बसणार कुठं?"

"ते मुलाला विचारून सांगतील." तिनं चष्मा लावला आणि कागदावरच्या पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. "आणि डिझेलची टाकी सगळ्यात मोठी येते ती टाका."